काटेसावर वर्षभर कशी बघायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी सावरीच्या मागे लागलोय आणि झाडं बघायला सोबत येणारी मंडळी मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं एका जागी लिहून टाकू. यातलं बहुतेक तुम्ही स्वतः झाडाखाली उभं राहून तपासू शकता, आणि तपासाच, नुसतं वाचून सोडू नका.

इतकी देशी झाडं असताना सावरच का?

कारण सावर काहीच लपवत नाही. काटे खोडावर डोळ्यांसमोर, पानं गळतात ती सगळीच्या सगळी, फुलं मुठीपेक्षा मोठी आणि कापूस तर उडत आपल्या अंगावर येतो. नवशिक्या माणसाला दुर्बीण नसली तरी चालतं. शिवाय ती भरपूर ठिकाणी आहे, सह्याद्रीचे उतार, कोकण, विदर्भातली जंगलं, नदीकाठ, रस्त्याच्या कडा, शहरातली जुनी आवारं. भारतापासून आग्नेय आशियातून पार उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती नैसर्गिकपणे वाढते, म्हणजे आपली तर आहेच पण फक्त आपलीच नाही.

नाव नक्की काय? सावर, शेवरी, शाल्मली, सेमल सगळं एकच का?

हो. मराठीत सावर, काटेसावर, काही भागात शेवरी किंवा सांवर, संस्कृतात शाल्मली, हिंदीत सेमल. शास्त्रीय नाव बॉम्बॅक्स सेइबा. गंमत म्हणजे यातला दुसरा शब्द, सेइबा, हा पांढरी सावर नावाच्या दुसऱ्या झाडाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द आहे, त्यामुळे नेटवर शोधताना दोघींचे फोटो एकमेकींत मिसळलेले दिसतात, तेवढं जपा.

मग पांढरी सावर देशी नाही?

नाही. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिका आणि पश्चिम आफ्रिकेकडची. तिचं खोड हिरवट, फुलं लहान, मळकट पांढरी आणि झुपक्यात येतात, बोंडं खाली लोंबतात. खोडावर काटे तिलाही असू शकतात म्हणून नुसते काटे बघून ठरवू नका, फूल बघा.

आणखी कुणाकुणाशी गोंधळ होतो?

लांबून लाल दिसलं की लोक पळस, पांगारा, सावर सगळ्यांना एकच समजतात. पळस आणि पांगाऱ्याचं पान तीन पर्णिकांचं, म्हणजे तीन छोट्या पानांसारख्या भागांचं असतं, सावरीचं पान पंजासारखं, पाच ते सात पर्णिका एका देठाच्या टोकाला. पांगाऱ्यालाही काटे असतात पण ते बारीक आणि काळपट, सावरीचे जाड शंकूसारखे. सोनसावर, म्हणजे गणेर, तिची फुलं पिवळीधमक असतात आणि खोडावर काटे नसतात. पण ही झाडं फुलतात तेव्हा पानं नसतातच ना? मग खाली बघा, गेल्या मोसमातलं वाळकं पान हमखास सापडतं. आणि फांद्या बघा, तरुण सावरीच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्यानं आडव्या निघतात, जणू समईला थर लावलेत. हे एकदा डोळ्यात बसलं की पानं फुलं काही नसताना धावत्या एसटीतूनसुद्धा सावर ओळखता येते.

काटे कशासाठी? सगळे सांगतात "संरक्षण", पण कुणापासून?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे म्हणून जरा लांब लिहितोय. आधी काटा म्हणजे काय ते बघू, कारण मराठीत आपण सगळ्याला काटाच म्हणतो. बेलाचा किंवा लिंबाचा काटा म्हणजे बदललेली फांदी, आतून लाकडाशी जोडलेला, तो सहज निघत नाही. निवडुंगाचा काटा म्हणजे बदललेलं पान. सावरीचा काटा यातला कुठलाच नाही, तो सालीचा उंचवटा आहे. म्हणून जुना काटा बाजूनं दाबला तर अख्खा निघून हातात येतो आणि मागे फक्त एक गोल वण राहतो. (मुद्दाम झाडावरचे तोडत बसू नका, बुंध्याशी पडलेले मिळतात, त्यातला एक उचला.) तळाशी रुंद, वर निमुळता, टोक चांगलंच तीक्ष्ण.

आता कुणापासून ते झाडालाच विचारायचं. एकाच परिसरातली तीन झाडं घ्या, एक मनगटाएवढं, एक मांडीएवढं, एक कवेत न मावणारं. प्रत्येकाच्या खोडावर गुडघ्याच्या, छातीच्या आणि हात वर करून पोचेल त्या उंचीला वीतभर चौकोन धरा आणि त्यातले काटे मोजा. बहुतेक वेळा दिसतं ते असं की लहान झाड काट्यांनी गच्च भरलेलं, मधलं विरळ आणि म्हाताऱ्या झाडाचा खालचा बुंधा जवळजवळ गुळगुळीत, वरच्या फांद्यांवर मात्र काटे अजून आहेत. याचा अर्थ काय लागतो? साल कोवळी आणि पातळ असते, गुरं, हरणं, साल कुरतडणारे प्राणी यांचं तोंड पोचतं, त्या वयात आणि त्या उंचीला काटे जास्त. साल जाड झाली की काट्यांची तेवढी गरज उरत नाही. चढणाऱ्या प्राण्यांनाही काटे अडवतात असं म्हणतात, आणि ते पटतंही, फक्त वानरं शेजारच्या झाडावरून उडी मारून सरळ शेंड्यात येतात आणि कळ्या खातात हे मी कितीतरी वेळा बघितलंय. म्हणजे काटे ही काही तटबंदी नाही, झाडाच्या नाजूक काळात नुकसान कमी करणारी सोय आहे.

आमच्या दारच्या जुन्या सावरीचे काटे गळून गेलेत, रोग लागला का?

नाही, वय झालंय. मलाही सुरुवातीला तेच वाटलं होतं. खोड जाड होत जातं तसे खालचे काटे झिजतात, पडतात. पानं, कळ्या वेळेवर येत असतील तर काळजी करू नका.

पानं नसताना इतकी फुलं कशी येतात? पाणी कुठून आणते?

ही खरी कमाल आहे. थंडीत, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून पानं पिवळी पडून गळायला लागतात, जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत फुलं, म्हणजे पाऊस जाऊन तीन-चार महिने झालेले, जमीन भेगाळलेली आणि हे झाड मांसल, रसानं भरलेली शेकडो फुलं काढतंय. पानं हाच झाडाचा पाणी घालवायचा सगळ्यात मोठा रस्ता असतो, तोच बंद केला की मोठी बचत होते. दुसरं म्हणजे सावरीचं लाकूड मऊ आणि हलकं असतं, म्हणून तर काड्यापेटीच्या काड्या आणि खोकी त्याची करतात, आणि जिवंतपणी ह्या मऊ लाकडात पाण्याचा चांगला साठा राहतो. त्या साठ्यावर कोरड्या दिवसांत फुलणं भागतं.

पानं नसण्याचे अजून दोन फायदे तिथे उभं राहिलं की कळतात. फुलं लांबून दिसतात, मध्ये पानांचा पडदाच नाही, आणि पक्ष्यांना बसायला फांद्या मोकळ्या. पुढे बोंडं फुटतात तेव्हाही नवी पालवी पूर्ण भरलेली नसेल तर कापसाला वाऱ्यावर निघायला वाट मोकळी मिळते.

पण हे सगळं "अनुकूलन"च, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेतलेली सोयच, आहे हे कसं ठरवायचं? आपण उगाच कारणं चिकटवत नाही ना?

चिकटवतो, बऱ्याचदा. म्हणून मी एक सवय लावून घेतलीय, वहीत पानाच्या डाव्या बाजूला फक्त दिसलं ते लिहायचं आणि उजव्या बाजूला मला काय वाटतं ते. "१० काटे, छातीच्या उंचीला" हे डावीकडे. "गुरांपासून संरक्षण" हे उजवीकडे, आणि त्याच्याखाली लगेच अजून एक ओळ, हे खोटं असेल तर मला काय दिसायला हवं? काटे गुरांसाठी असतील तर जिथे गुरं येतात तिथल्या रोपांच्या काटे नसलेल्या कोवळ्या भागावर खाल्ल्याच्या खुणा जास्त दिसायला हव्यात. दिसतात का ते बघायला परत जायचं. झाडाच्या प्रत्येक गोष्टीला उपयोग असलाच पाहिजे असंही नाही, एखादी गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी ओघात आलेली असू शकते. उजवी बाजू रिकामी राहिली तरी चालेल, रिकामी ठेवा, पण खोटं कारण लिहू नका.

फुलात नेमकं काय बघायचं?

झाडावरचं फूल उंच असतं म्हणून खाली पडलेलं घ्या, सकाळी लवकर गेलात तर ताजी मिळतात. आधी हातात तोलून बघा, जड लागतं. पाच जाड पाकळ्या, चामड्यासारख्या, बाहेरून किंचित मखमली, रंग लाल, एखाद्या झाडाचा नारिंगी आणि क्वचित पिवळा. खाली हिरवी-तपकिरी जाड वाटी, तिला पुस्तकात निदलपुंज म्हणतात. मध्ये पुंकेसरांची गर्दी, साठाच्या वर असतात, आणि नीट सोडवून बघितलं तर बाहेरच्या बाजूला पाच जुडगे आणि मधोमध एक वेगळा जुडगा दिसतो. पक्ष्याला तळाचा रस प्यायचा तर डोकं ह्या सगळ्या पुंकेसरांतून घालावंच लागतं, आणि बाहेर काढताना कपाळावर पराग लागलेले असतात.

आता ते फूल उलटं करून वाटीच्या आत बघा. हे कुणी मला दाखवलं नव्हतं, एका सकाळी झाडाखाली बसून फुलं चाळताना लक्षात आलं आणि तेव्हापासून मी सगळ्यांना करायला लावतो. सावरीत पाकळ्या, पुंकेसर आणि वाटी सगळं एकत्र गळतं, पण फळ धरणार असेल तर मधला बीजांडकोष, म्हणजे ज्याचं पुढे बोंड होतं तो भाग, झाडावरच राहतो. म्हणून काही फुलांच्या तळाशी आरपार गोल भोक असतं, आणि काहींत मधली दांडी तशीच, खाली बारीक हिरवट बोंडासकट. भोक असलेली म्हणजे ज्यांचा बीजांडकोष वर थांबला, बोंड होण्याची निदान शक्यता आहे. भरलेली म्हणजे अख्खंच फूल गेलं, परागीभवन झालं नसेल किंवा पोपटानं, वानरानं तोडलं असेल. शंभर फुलं गोळा करून दोन ढीग करा, आणि एप्रिलमध्ये त्याच झाडाची बोंडं मोजा. एक रुपया खर्च न करता झाडाचा जमाखर्च हातात येतो.

आणि हो, पडताना फूल वाटीकडून जड असल्यानं गरगरत, वाटी खाली करून येतं. डोक्यावर पडलं तर चांगलंच लागतं.

लाल रंग पक्ष्यांसाठीच का? मग मधमाश्या कशा येतात?

पक्ष्यांना लाल छान दिसतो, मधमाश्यांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, आणि मोठं, दणकट, वास जवळजवळ नसलेलं, पातळ रसानं भरलेलं फूल हा पक्ष्यांना बोलावणाऱ्या फुलांचा ठरलेला थाट. पण मधमाश्या येतातच, भरपूर येतात, त्यांना पराग हवे असतात. कोण आलं आणि कुणी खरं काम केलं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुलाच्या बाहेरून भोक पाडून रस चोरणारा पाहुणा झाडाच्या काही उपयोगाचा नाही. म्हणून नुसती पक्ष्यांची यादी करू नका, पक्ष्याचं डोकं पुंकेसरांना लागतंय का आणि तो एका झाडावरून उडून दुसऱ्या सावरीवर जातोय का ते लिहा.

कोण कोण दिसतं?

साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, कावळे, तांबट, हळद्या, हरेवा, शिंजीर, पोपट, खारी. आणि भोरड्या! गुलाबी मैनांचे थवे, ह्या पूर्व युरोप आणि मध्य आशियात पिल्लं काढतात आणि हिवाळा आपल्याकडे घालवतात, सावर फुलली की अख्खा थवा झाडावर कलकलाट करतो. एका जागी अर्धा तास बसायचं, सूर्य उगवल्यावर पहिला तास सगळ्यात चांगला, दुपारी अकरानंतर फारसं काही नसतं. जंगलात असाल तर खालीही लक्ष ठेवा, पडलेली फुलं खायला चितळ, भेकर येतात.

रात्री जाण्यात अर्थ आहे का?

आहे, वटवाघळंही रसासाठी येतात. जंगलात एकट्यानं जाऊ नका, गावातलं एखादं झाड घ्या आणि टॉर्च सतत झाडावर मारू नका, लाल कागद लावला तर बरं.

सावरीचा कापूस आणि शेतातला कापूस यात फरक काय?

फार मोठा, आणि तो बोटांनी कळतो. कपाशीचा धागा बीच्या अंगावरून उगवतो, म्हणून सरकी काढायला यंत्र लागतं. सावरीचा धागा बीला चिकटलेलाच नसतो, तो बोंडाच्या आतल्या भिंतीवर उगवतो आणि बिया त्यात नुसत्या पहुडलेल्या असतात. एप्रिल-मे मध्ये पाच फाकांत फुटलेलं बोंड मिळवा, कापसाचा पुंजका हलकेच झटका, काळपट गुळगुळीत बिया टपटप खाली पडतील. रुईची म्हातारी आठवते ना, तिच्यात केसांचा झुबका बीच्या डोक्याला घट्ट चिकटलेला असतो. सावरीची म्हातारी तशी नाही, ती म्हणजे कापसाचा ढग आणि त्यात बसलेले प्रवासी, वाटेत कुठेतरी आपटला की प्रवासी उतरले.

धागा आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे तो हलका असतो आणि पाणी धरत नाही. पुंजका पाण्यानं भरलेल्या वाटीत टाकून बघा आणि शेजारी घरातला साधा कापूस टाका, एक तरंगत राहील, एक भिजून बसेल. ह्याच गुणामुळे पांढऱ्या सावरीचा कापूस पूर्वी लाइफ जॅकेटमध्ये भरायचे. धागा आखूड आणि गुळगुळीत, पीळ बसत नाही म्हणून सूत निघत नाही, उशा गाद्या होतात.

वेळ बघा कशी साधलीय, बोंडं फुटतात तेव्हा वारा आहे, कोरडं आहे, आणि थोड्याच दिवसांत पाऊस येणार. बी जमिनीवर फार काळ पडून राहत नाही. एक छोटं काम देतो, वारा असलेल्या दिवशी झाडापासून चारी दिशांना वीस वीस पावलं चाला आणि प्रत्येक पाच पावलांवर पुंजके मोजा, बिया असलेले आणि रिकामे वेगळे. खूप लांब गेलेले पुंजके बरेचदा रिकामे निघतात. झाडाखाली बियांवर लाल-काळे किडे गोळा झालेले दिसतील, ते बियांमधला तेलकट रस शोषतात, म्हणजे आईच्या पायाशी पडणाऱ्या बीचं काही खरं नाही.

वणव्यात सावर टिकते का?

मोठी टिकते, साल जाड असते. रोप वरून जळतं पण मुळापासून परत फुटवा काढतं. वणवा गेलेल्या उतारावर पावसाळ्यानंतर जा, काळ्या खुंटाच्या बुडातून आलेले काटेरी हिरवे फुटवे बघायला मिळतील.

बुंध्याशी फळीसारखे पंख आलेत, घेर कुठे मोजायचा?

मोठ्या झाडांना हे आधार येतात, उंच खोड उभं धरायला. आपल्याकडे घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात, पण पंख त्याहून वर गेले असतील तर ते संपतात त्याच्या वर मोजा आणि किती उंचीवर मोजलं ते न विसरता लिहा, नाहीतर पुढच्या वर्षीचा आकडा जुळणार नाही. टेप काट्यांच्या मधून न्या.

नोंदी कशा ठेवू? ॲप हवंच का?

वही पुरते. एक झाड ठरवा, रोजच्या वाटेवरचं, कारण लांबचं झाड दुसऱ्या महिन्यात सुटतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागेवरून एक फोटो आणि चार ओळी, पानं (कोवळी, जून, पिवळी), कळ्या, फुलं, बोंडं, प्रत्येकापुढे "नाहीत, थोडी, खूप". सीझनवॉच नावाचा उपक्रम अशाच पद्धतीनं देशभरातल्या झाडांच्या साप्ताहिक नोंदी गोळा करतो, त्यात तुमचं झाड टाकलंत तर तुमची वही इतरांच्याही कामाला येते. "काही बदल नाही" हीसुद्धा नोंद आहे, ती गाळू नका, पहिली कळी नक्की कोणत्या आठवड्यात आली हे त्याच्यावरूनच कळतं.

यंदा आमची सावर उशिरा फुलली, हवामान बदललं म्हणून का?

एका झाडाच्या एका वर्षावरून तसं म्हणू नका प्लीज. शेजारी शेजारी उभ्या दोन सावरी पंधरा पंधरा दिवस पुढेमागे फुलताना मी बघतो. गटाराजवळचं, बागेत पाणी मिळणारं झाड पानं जास्त दिवस धरून ठेवतं. गेल्या वर्षीचा पाऊस, जमीन, फांद्यांची छाटणी सगळ्याचा परिणाम होतो. बरीच झाडं आणि बरीच वर्षं झाली की मग बोलता येईल, आणि त्यासाठी कुणीतरी आजपासून लिहायला हवं.

मुलांना न्यायचंय, धोका काय?

काटे तर आहेतच, पडलेल्या काट्यांवर अनवाणी पाय नको. खरा धोका आग्या मोहोळाचा. उंच सावरीच्या आडव्या फांद्या ह्या मधमाश्यांना फार आवडतात, एका झाडावर अनेक पोळी असू शकतात. पोहोचल्यावर सगळ्यात आधी वर बघा, काळी लोंबती पोळी दिसली तर त्या झाडाखाली थांबायचं नाही, धूर, दगड, आरडाओरडा काहीही नाही, गुपचूप दुसरं झाड.

रोपं कुठे सापडतील?

दाट सावलीत शोधू नका, सावरीला ऊन लागतं. माळाची कड, नदीकाठचा गाळ, दरड घसरलेली जागा, बंद पडलेलं शेत, रस्ता रुंद करताना उघडी पडलेली माती इथे पाऊस सुरू झाल्यावर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. पेन्सिलीएवढं खोड असलं तरी बोट जपून फिरवा, काटे तेव्हाच यायला लागलेले असतात. अशी पाच-सहा रोपं सापडली तर शेजारी एक खूण ठेवा, दगड चालेल, आणि मे महिन्यात परत जाऊन किती उरली ते मोजा.